आखर, कोंडवाडा आणि खोडा : गोंदिया परिसरातील जनावरे आवरण्याच्या व्यवस्थांचा इतिहास

प्रस्तावना

मराठीत 'खोडा' हा शब्द आज दोन ठिकाणी ऐकू येतो. एखाद्याच्या कामात अडथळा आणणे या अर्थी 'खोडा घालणे' हा वाक्प्रचार सर्वत्र रूढ आहे. दुसरा खोडा पशुवैद्यकीय दवाखान्याच्या आवारात किंवा ग्रामपंचायतीच्या मागच्या मोकळ्या जागेत उभा असतो. चार खांब, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि आत एक जनावर उभे राहील एवढीच अरुंद जागा, असे त्याचे रूप असते. लस टोचण्यासाठी, कृत्रिम रेतनासाठी किंवा जखम धुण्यासाठी गाय-म्हैस त्यात उभी केली जाते. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र निराळा आहे. मोल्सवर्थच्या कोशात खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकविण्याचे लाकडी साधन. हडीखोडा हा जुन्या काळातील शिक्षेचा प्रकार त्यातूनच आला. माणसाला शिक्षा देण्याचे साधन आणि जनावरावर उपचार करण्याचे साधन यांना भाषेने एकच नाव द्यावे, ही गोष्ट केवळ योगायोगाची नाही. जनावर आवरण्याच्या सार्वजनिक व्यवस्थेचा इतिहासही शिक्षेकडून उपचाराकडे असाच सरकत गेलेला दिसतो.

प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा विचार गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे त्यापूर्वीचा इतिहास अर्थातच जुन्या भंडारा जिल्ह्याचा, १९५६ पूर्वीचा मध्यप्रांत-मध्यप्रदेशाचा आणि १८५३ पूर्वीचा नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा आहे. धानाची शेती, मामा तलाव व बोड्या, आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या बाजूंना पसरलेले जंगल या तीन गोष्टींनी येथील पशुपालनाला त्याचा आकार दिला. जनावर केव्हा मोकळे सोडावयाचे आणि केव्हा आवरावयाचे, याचे उत्तर येथे धानाच्या वेळापत्रकाशी बांधलेले होते.

आखर आणि गुराखी

आखर म्हणजे गावाबाहेरील मोकळी जागा. सकाळी घरोघरची जनावरे तेथे गोळा होत, आणि गुराखी, म्हणजे या भागातील बोलीत गायकी, त्यांना रानात नेई. सायंकाळी तोच कळप परत आखरावर येई आणि तेथून प्रत्येक जनावर आपापल्या गोठ्याची वाट धरी. गुराख्याला मोबदला बहुधा वर्षाकाठी धानाच्या रूपाने मिळे. गोवारी समाजाचा हा परंपरागत व्यवसाय होय. दिवाळीच्या पाडव्याला होणाऱ्या गायगोधनाच्या सोहळ्यात या समाजाला जो मान मिळतो, त्याचे कारण हेच आहे. वर्षभर ज्याच्या भरवशावर गावाचे गोधन रानात जाते, त्याच्या उपकाराची एका दिवसापुरती का होईना, जाहीर नोंद तेथे होते. शासकीय दप्तरात या समाजाची नोंद निराळ्या कारणाने झाली. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर येथे विधिमंडळाच्या अधिवेशनावर काढलेल्या मोर्चातील चेंगराचेंगरीत ११४ गोवारी मृत्युमुखी पडले.

आषाढ-श्रावणात रोवणी झाली की बांध्यांच्या कडेला जनावर फिरकता कामा नये, हा गावाचा अलिखित कायदा असे. त्या आधी पऱ्ह्यांची राखण करावी लागे. कापणीनंतर शेते मोकळी होत आणि जनावरेही मोकळी सुटत. पण ज्या बांधीत उभ्या धानातच लाखोळी टाकलेली असे, ती कापणीनंतरही राखावी लागे. हिवाळ्यातील कितीतरी भांडणांचे मूळ या लाखोळीच्या बांध्यांत असे. मध्यप्रांतात जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावाचे 'वाजिब-उल-अर्ज' तयार होई. चराई व निस्तार यांविषयीचे गावचे रिवाज त्यात लिहिले जात. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर निस्ताराच्या नोंदी शासनाकडे आल्या. कागदावर हा हक्कांचा प्रश्न असला तरी रोजच्या व्यवहारात तो जनावर आवरण्याच्या कौशल्याचा प्रश्न होता.

या कौशल्याची भाषा समृद्ध आहे. गोठ्यात दावे, वाटेवर कासरा, तोंडावर म्होरकी, नाकात वेसण. वासरू मोठे होऊन कामाला लावायचे झाले की त्याला नाथले जाई. नाकाची मधली पातळ त्वचा अत्यंत संवेदनशील असल्याने वेसणीला दिलेला लहानसा हिसकाही बलदंड बैलाला थांबवतो. चुकार, पळपुट्या जनावराच्या गळ्यात लोढणे अडकवीत. जनावर चालते तोवर ते लोंबत राहते, पळू लागले की गुडघ्यांवर आदळते. आज लोढण्याचा केवळ लाक्षणिक अर्थ शिल्लक उरला आहे. लोढण्याकडे वा वेसणीकडे आज क्रौर्य म्हणून पाहता येईल, आणि काही बाबतींत ते योग्यही ठरेल. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने अवाजवी आखूड किंवा जड दोराने वा साखळीने जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणे हा अपराध ठरविला. विहित रीतीने वेसण घालणे मात्र अपवाद म्हणून मान्य केले. कायद्याने येथे परंपरेशी तडजोड केली असे म्हणावे लागेल.

तथापि दोरापेक्षाही महत्त्वाची गोष्ट होती ती ओळख. कोणती गाय मारकी आहे, कोणता बैल डाव्या बाजूने जवळ येऊ देत नाही, कळपात पुढे कोण चालते व कोणाच्या मागे बाकीची जनावरे येतात, हे गुराख्याला ठाऊक असे. मारक्या गाईला पकडायचे असल्यास आधी कळपाची म्होरकी गाय आखरावर उभी करायची, हे शहाणपण कोणत्याही पुस्तकातून आलेले नव्हते. जनावर आवरण्याची ही पहिली व्यवस्था सर्वस्वी माणसाच्या ठायी होती. तिच्यासाठी भिंत किंवा खांब लागत नव्हते.

कोंडवाडा : शिक्षेची चौकट

ब्रिटिश अमलात या व्यवस्थेवर दुसरी व्यवस्था येऊन बसली. १८५७ च्या तिसऱ्या अधिनियमाने गुरांच्या अतिक्रमणाविषयी कायदा झाला व १८७१ च्या पहिल्या अधिनियमाने त्याला पक्के स्वरूप आले. कोंडवाडा हा शब्द मराठीत आधीपासून होता. विदर्भात हिंदीच्या संसर्गाने त्यालाच कांजीहाऊस म्हणत. नवीन होती ती त्याच्यामागची शासकीय यंत्रणा. पीक तुडवणारे जनावर शेतकऱ्याने धरावे, २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे, कोंडवाड्याच्या रखवालदाराने त्याची नोंद करावी, आणि मालकाने दंड व खाण्यापिण्याचा खर्च भरून ते सोडवून न्यावे, अशी ही रचना होती. हत्तीला दोन रुपये, उंट वा म्हशीला आठ आणे, घोडा, बैल व गाईला चार आणे, वासरू, गाढव व डुकराला दोन आणे, शेळीमेंढीला एक आणा, असे दर अधिनियमातच दिलेले होते. सात दिवसांत मालक न आल्यास पोलीस ठाण्यास कळविले जाई, नोटीस लागे, आणि आणखी सात दिवसांनी लिलाव. धरलेले जनावर बळाने सोडवून नेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता.

हे दर वाचताना एक गोष्ट लक्षात येते. कोंडवाड्यात जनावराची प्रतवारी त्याच्या स्वभावावरून वा प्रकृतीवरून होत नाही. ते किती नुकसान करू शकते, यावरून ती होते. जनावर येथे एक प्रकारचा आरोपी आहे, आणि दंड भरणारा मालक त्याचा जामीनदार. कायद्याने रखवालदारावर चारापाण्याची जबाबदारी टाकली होती हे खरे. परंतु गाभण गाय व मारका सांड एकाच आवारात कोंडले तर काय व्हावे, याचा विचार त्यात नाही. एका जागी कोंडलेली अनेक गावांची गुरे ही रोगप्रसाराची किती सोयीची जागा असते, हे त्या काळातही अनुभवाने कळण्यासारखे होते. दया पवार यांनी १९७४ मध्ये आपल्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव दिले, तेव्हा या शब्दात साचलेला अपमान मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

गोंदियासारख्या वनप्रदेशात कोंडवाड्याची खरी धार जंगलाच्या बाजूने जाणवली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ७० व्या कलमानुसार राखीव वनात शिरलेले जनावर हे सार्वजनिक लागवडीचे नुकसान करणारे जनावर मानले जाऊन गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याखाली धरता येते. ज्या रानात पिढ्यानपिढ्या गाईबैल चरले, त्या रानाची हद्द आता एका दगडी खुणेने ठरू लागली. ती खूण गाईला वाचता येत नव्हती, आणि पुष्कळदा गुराख्यालाही नाही. पुढे १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य, १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान व २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यजीवांच्या दृष्टीने ही पावले आवश्यकच होती. चराईचे क्षेत्र मात्र त्या प्रमाणात आकसले. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानंतर कोंडवाडे ग्रामपंचायतींच्या कक्षेत आले. आज अनेक गावांत कोंडवाड्याची भिंत तेवढी उरली आहे, तर काही ठिकाणी तीही नाही.

बुळकांडी आणि सुई

१८७१ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा ज्या वर्षी झाला, त्याच वर्षी हिंदुस्थानातील गुरांच्या साथरोगांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. हॅलन हे त्याचे प्रमुख होते. शासनाची जनावराविषयीची दोन धोरणे अशी एकाच वर्षी कागदावर आली. एक त्याला कोंडण्याचे, दुसरे त्याला वाचविण्याचे. पहिल्याची अंमलबजावणी ताबडतोब झाली. दुसऱ्याला जवळजवळ शतक लागले, आणि यात आश्चर्य वाटण्यासारखे फारसे नाही, कारण पहिल्यातून दंड वसूल होत होता तर दुसऱ्यासाठी पैसे खर्च करावे लागणार होते.

बुळकांडी हा या काळातील सर्वांत भयंकर रोग. तो आला की गोठेच्या गोठे रिकामे होत. ज्या प्रदेशात धानाची चिखलणी बैल व हेल्यांच्या बळावर होते, तेथे बैल मेला म्हणजे पुढचा हंगामही गेला. १८८९ मध्ये पुणे येथे सुरू झालेली शासकीय जीवाणुशास्त्र प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आरंभी रक्तद्रव टोचण्यावर भर होता. त्याने मिळणारे संरक्षण अल्पकाळ टिके. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात एडवर्ड्स यांनी मुक्तेश्वरला शेळीच्या शरीरात वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस सिद्ध केली, आणि मोठ्या प्रमाणावरील लसीकरण व्यवहार्य झाले. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाने १९२८ मध्ये भारतीय पशुधनाच्या दुःस्थितीचे जे विश्लेषण केले, त्यात चाऱ्याची टंचाई, जनावरांची अति संख्या आणि त्यांचा खालावलेला दर्जा यांचे दुष्टचक्र दाखविले आहे. पूर्व विदर्भातील लहान चणीची, रानावर पोसलेली गुरे त्या चित्रात नेमकी बसतात.

१९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत देशातील ८० टक्के गाईम्हशींना लस टोचणे हे त्याचे उद्दिष्ट होते. लस, बर्फ, सुया, माणसे या सर्वांचा हिशेब अशा योजनेत मांडला जातो. एक प्रश्न मात्र हिशेबाबाहेर राहतो. प्रत्येक जनावर सुई टोचण्यापुरते स्थिर कोणी उभे करावयाचे? दवाखान्यात येणारे जनावर आजारी, म्हणून बहुधा शांत असते. लसीकरणात मात्र सशक्त, रानात मोकळे फिरणारे आणि माणसाच्या स्पर्शाची सवय नसलेले जनावर धरावे लागते. अशा वेळी आखर आणि गुराखी यांचेच साहाय्य घ्यावे लागे. कळप सकाळी एकत्र येतो ती जागा तीच, आणि जनावराला नावाने हाक मारणारा माणूसही तोच. उरलेल्या २० टक्क्यांत कोणती जनावरे राहत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. धरता न येणारी जनावरेच सुटत. पुढे केनियात प्लाउराइट यांनी १९६० च्या सुमारास ऊतिसंवर्धनाने तयार केलेली लस आल्यावर मोहिमेस अधिक बळ मिळाले. भारतातील बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला. २००६ मध्ये देश या संसर्गापासून मुक्त घोषित झाला आणि २०११ मध्ये संपूर्ण जग. देवी रोगानंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसरा रोग होय. या यशाच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे येतात, ती यावयासच हवीत. शिंगे धरून उभ्या राहिलेल्या माणसांची नावे मात्र त्यात येत नाहीत.

खोडा

जनावर धरण्याच्या जुन्या पद्धतींत त्याला दोराने पाडणे ही एक प्रमुख पद्धत होती. मान, छाती व कंबर यांभोवती दोराचे वेढे देऊन मागे ओढले की मोठा बैलही हळूहळू बसतो व आडवा होतो. पशुवैद्यकात ती रूफ पद्धत म्हणून शिकवली जाते. नांग्या ठोकणे वा बैल बडविणे यांसाठी असेच पाडावे लागे. बर्डिझो चिमटा आल्यावर खच्चीकरणातील यातना व रक्तस्राव बराच कमी झाला, तरी जनावर आवरण्याची गरज राहिलीच. पाडण्यात धोके असतात. पोटभर चरलेल्या जनावरास पाडले तर पोटफुगी होऊ शकते, कोठीतील चारा घशाशी येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतो, कडक जमिनीवर शिंग वा बरगडी मोडू शकते. गाभण जनावराबाबत तर हा मार्ग टाळावाच लागतो. खोड्यात जनावर उभे राहते, हा त्याचा पहिला गुण.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखाने त्यांच्या अखत्यारीत आले. दवाखान्याची इमारत, औषधांचे कपाट आणि अंगणात खोडा असे चित्र यानंतर परिचयाचे झाले. तथापि खोडा गावोगाव पोचविला तो कृत्रिम रेतनाने. लस वर्षातून एकदोनदाच टोचावयाची असते. रेतनासाठी मात्र गाय माजावर आली की ठराविक तासांच्या आत यावे लागते, तिच्या अगदी मागे उभे राहून हात आत घालावा लागतो, आणि काही क्षण ती हलता कामा नये. लाथ बसण्याची सर्वांत धोक्याची जागा तीच.

चांगल्या खोड्याची रचना वरवर साधी, पण विचारपूर्वक केलेली असते. रुंदी एवढीच असावी की जनावराला आत वळता येऊ नये, आणि एवढी असावी की त्याचे पोट आवळले जाऊ नये. पुढचा आडवा दांडा छातीच्या पातळीवर आणि मागचा दांडा मांड्यांच्या मागे हवा. तो फार खाली असल्यास जनावर त्यावरून पाय काढते, फार वर असल्यास खालून मागे सरकते. जमीन घसरती नसावी, कारण पाय घसरल्यावर घाबरलेले जनावर स्वतःलाच इजा करून घेते. मान बांधावयाची गाठ एका ओढीत सुटणारी हवी. जनावर खोड्यात कोसळले आणि गळ्याला सरकफास असला तर ते मिनिटांत गुदमरते. लाकडी खोड्यात बाहेर आलेला खिळा किंवा फुटलेली खपली मोठी जखम करू शकते. पूर्वी खांब गावच्या रानातील टिकाऊ लाकडाचे असत, हल्ली लोखंडी नळ्यांचे असतात. लोखंड टिकते, पण त्यावर आपटल्याचा आवाज मोठा होतो, आणि अनोळखी धातूच्या आवाजाने बिथरणारी जनावरे थोडी नाहीत.

या शेवटच्या मुद्द्याचे शास्त्र अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी १९७० च्या दशकापासून मांडले. गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने तिला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त नेमके पाठीमागचे दिसत नाही. त्यामुळे जमिनीवरची तीव्र सावली, लोंबणारी साखळी, वाऱ्याने हलणारे कापड यांनी ती थबकते. उजेडातून अंधाऱ्या जागी शिरण्यास ती नाखूश असते. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य अंतर असते, आणि माणूस त्या अंतराच्या आत आला की ते हलते. ग्रँडिन यांनी या निरीक्षणांच्या आधारे वळणदार गल्ल्या व जनावराला दोन्ही बाजूंनी हलकेच आवळून धरणारी यंत्रे यांची रचना सुचविली. अमेरिकेतील ही यंत्रे विस्तीर्ण कुरणांवरील, माणसाचा हात न लागलेल्या शेकडो जनावरांसाठी आहेत. घरच्या माणसाने कासरा धरून आणलेल्या गाईला त्यांची गरज नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो.

हा आक्षेप पश्चिम महाराष्ट्रातील गोठ्यात बांधून पोसलेल्या दुभत्या जनावरांच्या बाबतीत पुष्कळसा खरा आहे. पूर्व विदर्भातील रानावर चरणाऱ्या गुरांच्या बाबतीत मात्र तो तपासून घ्यावा लागेल. वेसण फक्त कामाच्या बैलाला असते. भाकड गाई, कालवडी, गोऱ्हे यांच्या अंगाला माणसाचा हात क्वचितच लागतो. पूर्वी त्यांना ओळखणारा एक माणूस होता, तो गुराखी. आता त्याची पुढची पिढी या कामात राहिलेली नाही, चिखलणीला ट्रॅक्टर आल्याने बैलजोड्या घटल्या आहेत, आणि अनेक गावांत आखरावर कळप जमणे थांबले आहे. स्वभावाने ही जनावरे कोल्हापूरच्या म्हशीपेक्षा कुरणावरच्या गुरांना अधिक जवळची ठरतात. ग्रँडिन यांनी शास्त्र म्हणून मांडलेल्या कितीतरी गोष्टी गायकीच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. तो गेल्यावर त्या गोष्टी खोड्याच्या रचनेत उतरणे आवश्यक झाले आहे. प्रत्यक्षात खोडा बसविताना तो पूर्वेला तोंड करून आहे की भिंतीकडे, त्याच्यापुढे मोकळी वाट दिसते की नाही, याचा विचार क्वचितच होतो. भिंतीकडे तोंड असलेल्या खोड्यात गाय शिरत नाही, मग तिची शेपूट पिरगाळली जाते, आणि पुढच्या वेळी ती खोडा दिसताच मागे फिरते.

बिल्ला आणि लस

सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमास मथुरा येथून आरंभ झाला. लाळ्या खुरकूत व ब्रुसेलोसिस हे त्याचे लक्ष्य आहे. यात प्रत्येक जनावराच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला मारला जातो. कोंडवाड्याच्या वहीत अपराधी म्हणून नोंदले जाणारे जनावर आता लसीच्या नोंदीसाठी क्रमांक धारण करते. बिल्ला मारण्यासाठी डोके पूर्ण स्थिर हवे, आणि सर्वांत कठीण काम तेच. २०२० मध्ये गडचिरोलीच्या बाजूने महाराष्ट्रात शिरलेला लम्पी चर्मरोग २०२२ मध्ये राज्यभर पसरला. त्या वेळी शेळ्यांच्या देवीची लस टोचण्याची मोहीम थोड्या आठवड्यांत पार पाडावी लागली. जेथे खोडा नव्हता तेथे झाड, विजेचा खांब किंवा बैलगाडी आणि भिंत यांमधील चिंचोळी जागा यांनी खोड्याचे काम केले. रोगी आणि निरोगी जनावरे एकाच खोड्याच्या दांड्याला घासून जाऊ नयेत, दोन जनावरांच्या मध्ये तो धुतला जावा, हा प्रश्न या साथीने प्रथमच ठळकपणे पुढे आणला. ज्या गोष्टीने कोंडवाडा रोगाचे ठाणे होऊ शकत होता, तीच गोष्ट खोड्यालाही लागू पडते.

ब्रुसेलोसिसच्या लसीचा प्रश्न याहून नाजूक आहे. ही लस जिवंत जीवाणूंची असून ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना ती दिली जाते. टोचताना जनावराने हिसका दिला आणि सुई माणसाच्या बोटात गेली, तर त्यालाच हा रोग होऊ शकतो. दीर्घकाळ येणारा ताप व सांधेदुखी ही त्याची लक्षणे सहज ओळखू येत नाहीत. म्हणजे येथे जनावर नीट आवरणे हे लस देणाऱ्याच्या आरोग्याचे प्रत्यक्ष संरक्षण आहे. परंतु गावातील खोडा मोठ्या गाईच्या मापाचा असतो. चार महिन्यांची कालवड त्यात उभी केली तर ती आतल्या आत वळते, दांड्याखालून निसटते. त्यामुळे तिला हातानेच धरावे लागते, आणि धरणारे हात बहुधा गोठ्याचे काम रोज करणाऱ्या घरातील स्त्रीचे असतात. मोठ्या खोड्याच्या आत बसवता येईल अशी काढघाल करण्याजोगी आडवी फळी, हा या अडचणीवरचा उपाय कोणत्याही गावच्या सुताराला एका दिवसात करता येण्यासारखा आहे.